तीन रांगांचा ब्लास्ट केल्यापासून बोल्डर वाढले, क्रशरचं उत्पादन पडलं. डिलेचा, म्हणजे होल फुटण्यातल्या वेळेच्या अंतराचा, संबंध आहे का?

खडीवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. वाडीवऱ्हेच्या बाजूला मामांची दगडखाण आहे आणि लागूनच क्रशर, प्लांट मी बघतो. सिंहस्थाच्या रस्त्यांची कामं निघाल्यापासून खडीला एवढी मागणी आहे की उजाडायच्या आत हायवा गेटवर लागलेले असतात, म्हणून मामांनी ब्लास्ट मोठा करायला सांगितला. आधी दोन रांगा मारायचो, आता तीन मारतो, एका रांगेत आठ होल. आणि नेमकं तेव्हापासून बोल्डरनी वैताग आणलाय.

सगळी माहिती देतो म्हणजे परत विचारायला नको. दगड काळा पाषाण, तळाकडं थोडा मांजऱ्या (पोकळ्यांचा दगड) लागतो. बेंच (फोडायची पायरी) सात मीटरची, होल ११० एमएमचे, बर्डन (होलपुढच्या दगडाची जाडी) ३ मीटर, स्पेसिंग (रांगेतल्या दोन होलमधलं अंतर) साडेतीन, होलची मांडणी झिगझॅग. तळाला इमल्शनची कार्ट्रिज, वर अन्फो, एका होलला साधारण ४० किलो माल (स्फोटक) जातो, स्टेमिंग, म्हणजे मालावरची बुजवण, पावणेतीन मीटर आणि ते ड्रिलच्या भुकटीनंच भरतात. नॉनेल आहे, म्हणजे विजेशिवाय नळीतून ठिणगी नेणारा डिटोनेटर. होलमधला डिले सगळीकडं २५० एमएस (मिलिसेकंद), वरती होल ते होल १७ आणि रांग ते रांग २५. यातलं काहीच बदललेलं नाही, फक्त तिसरी रांग वाढली.

होतं काय की ब्लास्ट झाला की ढीग पुढं पसरतच नाही, जागच्या जागी फुगून उंच उभा राहतो आणि इतका घट्ट की पोकलेनला अक्षरशः ओरबाडून काढावा लागतो. मागच्या भिंतीला तडे जातात, तळाला टो, म्हणजे न फुटलेला उंचवटा, राहतो. जॉ, म्हणजे पहिला क्रशर, ३६ बाय २४ इंचांचा आहे, त्यात मोठा धोंडा आडवा बसला की फीडर बंद, ब्रेकर बोलवा, तो येईपर्यंत पुढचा कोन क्रशर, स्क्रीन, सगळं रिकामं फिरत राहतं. लाइटबिल तेवढंच आणि खडी निम्मी.

ब्लास्टर म्हणतात माल वाढवू, मामा म्हणतात स्पेसिंग कमी करा, प्लांटचे मिस्त्री म्हणतात जॉची सेटिंग मोकळी करा. मला आपलं वाटतंय की गडबड डिलेमध्ये आहे, पण १७ आणि २५ एमएस म्हणजे पापणी लवायच्याही आत, एवढ्याशानं दगडाला खरंच फरक पडतो का हो? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

सुरुंग_मास्तर

फरक पडतो म्हणजे काय, तुमच्या केसमध्ये सगळा खेळ त्याचाच दिसतोय. माल वाढवू नका आत्ता, आधी ऐका.

होल फुटला की पहिल्यांदा धक्का जातो, त्यानं दगडाला तडे पडतात, हे एक-दोन एमएसमध्ये उरकतं. मग गॅस त्या तड्यांत घुसतो आणि दगडाला पुढं ढकलतो, आणि हे ढकलणं काही लगेच होत नाही, तीन मीटर बर्डन हलायला दहा-बारा एमएस तरी धरा. हलल्यावर वेग किती, तर समजा सेकंदाला बारा मीटर. आता तुमच्या रांगेचा हिशोब करा. पुढची रांग फुटल्यावर २५ एमएसनं मागची फुटते, त्यातले बारा हलण्यात गेले, उरले तेरा, तेरा एमएसमध्ये दगड सरकला साधारण पंधरा सेंटिमीटर. म्हणजे वीतभर पण नाही. तेवढ्याशा फटीत मागच्या रांगेचा दगड जाणार कुठं? एसटीच्या दारात पुढचा माणूस उतरलाच नाही आणि मागून रेटा आला की जे होतं ते होतंय. दुसऱ्या रांगेचं कसंबसं भागतं, कारण तिच्या पुढं एकच रांग आहे. तिसरीला मात्र पुढं जायला जागाच नाही, मग ती वर उडते आणि मागं फाडते. ढीग उंच, घट्ट, मागं तडे, तळाला टो, तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं याचंच लक्षण आहे. दोन रांगा होत्या तोपर्यंत हे झाकलेलं होतं.

आणि तुमची मांडणी झिगझॅग आहे म्हणता, तिथं आणखी एक गोष्ट आहे जी कागदावर पटकन दिसत नाही. दुसऱ्या रांगेचा पहिला होल हा पुढच्या रांगेच्या पहिल्या आणि दुसऱ्या होलच्या मधोमध मागं असतो. पुढचा पहिला फुटला शून्यावर, दुसरा फुटला १७ वर, आणि हा मागचा फुटतो २५ वर. म्हणजे एका बाजूच्या दगडाला २५ एमएस मिळाले पण दुसऱ्या बाजूच्याला फक्त आठ. आठ एमएसमध्ये तो दगड जागचा हललेला पण नसतो.

रांगेचा डिले ४२ करा. फक्त तेवढंच करा, बाकी होल, माल, स्टेमिंग काही हलवू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. आणि हे तुमच्या ब्लास्टर आणि मॅनेजरच्या सहीनंच करायचं, परस्पर डिलेच्या क्लिप बदलायच्या नाहीत.

एक विचारतो, बोल्डर ढिगाच्या कुठल्या भागातून निघतात? वरच्या थरातून, मागून की तळातून? हे बघितल्याशिवाय पूर्ण उत्तर देता येत नाही. वरचे असतील तर ते स्टेमिंगच्या भागातले, तिथं मालच नसतो त्यामुळं डिलेनं त्यांना थोडाच फरक पडेल.

जॉ_प्लेट

मी प्लांटच्या बाजूनं लिहितो, कारण इथं सगळे होलमध्येच बघतायत.

मिस्त्रींना सांगा जॉची सेटिंग मोकळी करून अडकणारा बोल्डर काही आत जाणार नाही. सेटिंग खालच्या फटीची असते, धोंडा अडकतो वरच्या तोंडाला. २४ इंचाच्या तोंडात २४ चा दगड जात नाही, तोंडाच्या ८० टक्क्यांपर्यंत धरायचं, म्हणजे १९ इंचाच्या आसपास. त्याच्या वरचं सगळं खाणीतच बाजूला काढायचं, क्रशरवर आणायचंच नाही. सेटिंग मोकळी केली तर उलट जॉमधून जाडा माल कोनवर जाईल आणि रिटर्नचा (जाडा माल परत फोडायला आणणारा) पट्टा भरून वाहील, एकाचे दोन त्रास.

आणि दुसरं, सरासरी साइजवर जाऊ नका. ढिगात ९५ टक्के माल चांगला असला तरी उरलेल्या पाच टक्क्यांतला एक धोंडा प्लांट थांबवतो. जॉ थांबला की कोनमध्ये चोक फीड, म्हणजे कोन गच्च भरलेला राहणं, तुटतं, कोन अर्धा भरलेला चालला की दगड दगडावर घासत नाही, खडी चपटी पडते, लायनर (आतलं अस्तर) एकाच पट्ट्यात झिजतो. म्हणजे नुसतं टनेज नाही, खडीची क्वालिटी पण जाते, आणि रस्त्याच्या कामाला चपटी खडी साइटवरचे इंजिनिअर परत पाठवतात हे तुम्हाला माहीतच असेल.

म्हणून ब्लास्ट बदलायच्या आधी एक काम करा. ऑपरेटरच्या केबिनमध्ये साधी वही ठेवा आणि जॉ प्रत्येक वेळी थांबला की का थांबला आणि किती मिनिटं ते लिहायला लावा. बोल्डर, हायवा नाही, पट्टा, लाइट, जे असेल ते. बऱ्याच ठिकाणी असं निघतं की बोल्डर म्हणून ओरडतात पण खरी निम्मी वेळ हायवाची वाट बघण्यात जाते, कारण ढीग घट्ट आहे आणि पोकलेनला बकेट भरायला वेळ लागतो. ते पण ब्लास्टचंच पाप आहे, पण कुठं दुखतंय ते तरी कळेल. टन प्रति तास काढताना पण दोन आकडे काढा, एक पूर्ण शिफ्टचा आणि एक फक्त जॉ चालू असलेल्या वेळेचा. दुसरा आकडा पूर्वीसारखाच असेल तर प्लांटमध्ये काही बिघाड नाही, सगळा घोळ थांबण्यात आहे. आणि दुसरा आकडाच पडला असेल तर दगड आतून कमी फुटलाय, म्हणजे बाहेरून साइज बरोबर दिसतो पण जॉला प्रत्येक तुकडा पूर्ण ताकदीनं फोडावा लागतो. मोटरचे अँपिअर बघा, लगेच समजेल.

खडीवाला_नाशिक

मास्तर, जॉ प्लेट भाऊ, दोघांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं.

आज ढिगाजवळ जाऊन नीट बघितलं. बोल्डर दोन प्रकारचे आहेत. एक वरचे, जरा गोलसर, बाहेरून पिवळट माती लागलेले. आणि दुसरे मागचे, तिसऱ्या रांगेच्या आसपासचे, चौकोनी, कडा एकदम धारदार, आत जुना तडा नाही. मागचे जास्त आहेत आणि तेच मोठे आहेत.

आता प्रश्न. आमच्याकडं १७ च्या क्लिप बऱ्याच शिल्लक आहेत, तर होल ते होल १७ तसंच ठेवून रांग ४२ केली तर चालेल ना? आणि मामा विचारतायत की ४२ पेक्षा जास्त का नको, ६७ पण मिळतात.

खाण_अभियंता

मागचे धारदार कडांचे चौकोनी धोंडे म्हणजे सुरुंग मास्तरांचं निदान बरोबर आहे, तो दगड फुटलेला नाही, नुसता उपटलेला आहे. वरचे गोलसर ते वेगळे, ते झिजलेल्या थरातले नैसर्गिक धोंडे, त्यांच्या चारी बाजूंनी आधीच माती असते, धक्का त्या मातीतून पलीकडं जातच नाही. त्यांना डिले काही करणार नाही.

आता तुमचा १७ आणि ४२ चा प्रश्न, हा मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून आकडे मांडून दाखवतो, कागद घेऊन बसा. पहिली रांग फुटते ०, १७, ३४, ५१, ६८, ८५ अशी. दुसरी ४२, ५९, ७६, ९३. इथपर्यंत छान, कुठलेही दोन होल घेतले तरी आठ-नऊ एमएसचं अंतर आहे. तिसरी रांग सुरू होते ८४ ला, आणि पहिल्या रांगेचा सहावा होल आहे ८५ ला. एक एमएस! पुढं १०१ आणि १०२, तेच. म्हणजे दोन होल एकदम, ४० किलोचे ८० किलो एका झटक्यात. कंपन मोजताना आठ एमएसच्या आत फुटलेला माल एकत्रच धरायची जुनी रीत आहे.

गंमत बघा, तुमच्या आत्ताच्या १७ आणि २५ मध्ये पण हेच चाललंय. तिसरी रांग ५० ला सुरू होते आणि पहिल्या रांगेचा चौथा होल ५१ ला. दोन रांगा होत्या तेव्हा ही टक्कर नव्हती. तिसरी रांग आल्यापासून आजूबाजूला हादरे जास्त लागत असणार, कोणी तक्रार केली का बघा.

आता होल ते होल २५ करा. पहिली रांग ०, २५, ५०, ७५, १००. रांग ४२ धरली तर दुसरी ४२, ६७, ९२, ११७ आणि तिसरी ८४, १०९, १३४. सगळे आकडे ओळीनं मांडा, ७५, ८४, ९२, १००, १०९, ११७, प्रत्येकात आठ किंवा नऊचं अंतर. रांग ६७ केली तरी हीच शिस्त राहते, कारण ६७ म्हणजे ४२ अधिक २५. फक्त चौथी रांग कधी जोडू नका, ४२ च्या हिशोबानं ती १२६ ला येते आणि पहिल्या रांगेचा सहावा १२५ ला, परत टक्कर.

माझं मत ६७ कडं झुकतं. झिगझॅगचा मुद्दा मास्तरांनीच काढलाय, तोच पुढं न्या. २५ आणि ४२ मध्ये दुसऱ्या रांगेच्या होलला त्याच्या उशिरा फुटणाऱ्या शेजाऱ्याकडून मिळतात १७ एमएस, पूर्वीच्या आठपेक्षा बरे पण पाषाणातल्या तीन मीटर बर्डनला अपुरे. ६७ केलं तर ४२ मिळतात. रांगेमागं बर्डनच्या एका मीटरला दहा ते वीस एमएस असा ठोकताळा सगळीकडं वापरतात, तुमचे २५ म्हणजे मीटरला आठ, ४२ म्हणजे १४, ६७ म्हणजे २२, ठोकताळ्याच्या जरा वर.

बाकी एक सावधगिरी. हे सगळे आकडे कागदावरचे. नॉनेलमधला डिले जळणाऱ्या मसाल्यावर चालतो, २५० च्या डिलेत एक-दोन टक्के इकडंतिकडं झालं की अडीच ते पाच एमएस हलले. म्हणजे आठचं अंतर प्रत्यक्षात कधी तीन होईल कधी तेरा. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमध्ये हा प्रश्न जवळपास संपतो, एकेक एमएसनं वेळ भरता येते. महाग आहेत हे खरं, पण साध्या इलेक्ट्रिक डिटोनेटरवर १ एप्रिल २०२५ पासून देशात बंदी आली तेव्हापासून इलेक्ट्रॉनिकचा वापर वाढतोय, एकदा कोटेशन मागवून बघायला हरकत नाही.

काही जण सांगतील की इलेक्ट्रॉनिक घ्या आणि एक-दोन एमएसवर मारा, दोन होलचे धक्के एकमेकांवर आदळले की दगडाचा भुगा होतो. यावर पैसे घालायच्या आधी विचार करा. पाषाणात धक्का सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास पळतो, साडेतीन मीटर जायला त्याला एक एमएस पण लागत नाही. १७ किंवा २५ एमएसनं पुढचा होल फुटेपर्यंत आधीचा धक्का कधीच निघून गेलेला असतो, त्यामुळं नॉनेलच्या डिलेमध्ये धक्क्यांच्या टकरीचा विषयच येत नाही. स्वीडनमध्ये योहान्सन आणि ऊखटरलोनी यांनी मॉर्टरच्या छोट्या ब्लॉकवर हे तपासलं होतं, २०१३ मध्ये छापून आलं, टकरीच्या वेळेत मारून तुकडे ठळकपणे बारीक झाले असं काही निघालं नाही. तुमच्या खाणीत महत्त्वाचं आहे ते पुढच्या दगडाला सरकायला वेळ देणं.

सुरुंग_मास्तर

अभियंता साहेबांचा हिशोब एकदम चोख आहे, २५ करणं मला मान्य. पण तिन्ही रांगांना एकदम ६७ द्यायला मी तयार नाही, सांगतो का.

डिले वाढवला की पुढचा दगड लांब जातो आणि मागच्या रांगेचं तोंड उघडं पडतं. पाषाण अखंड असेल तर ठीक. पण नाशिकच्या बाजूला लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत, मधे लाल मातीचा थर सापडतो, उभे सांधे असतात, खाली मांजऱ्यात गारगोटीच्या पोकळ्या. पुढच्या रांगेचा गॅस त्या सांध्यांतून मागच्या होलपर्यंत पोचतो आणि जमीन सरकली की होल मधेच तुटतो, अर्धा माल फुटतो अर्धा राहतो. न फुटलेला माल ढिगात, आणि वरून पोकलेनची बकेट. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, बोल्डर गेले खड्ड्यात.

तुमच्याकडं होलमधला डिले २५० आहे ही जमेची बाजू, वरच्या नळ्या तुटायच्या आत ठिणगी पुढं गेलेली असते. पण होल आतून सरकला तर तो २५० काही कामाचा नाही.

म्हणून मी म्हणतो दुसऱ्या रांगेला ४२ आणि तिसरीला त्याच्यापुढं ६७. तिसरी रांग मग १०९ ला सुरू होते, बघा साहेब तुमच्या आठच्या शिस्तीत बसते, १००, १०९, ११७. मागं जावं तसा वेळ वाढवायचा कारण मागच्या रांगेपुढं दगडाचा साठा जास्त. तुमचे मोठे धोंडे तिसऱ्या रांगेचेच आहेत ना, मग जास्त वेळ तिलाच द्या. ढीग सुटा झाला आणि तरी दुसऱ्या रांगेच्या जागी घट्टपणा राहिला तर मग तिथं पण ६७ करू.

आणि पुढच्या रांगेचं बर्डन तळाला मोजलंय का कोणी? वरून तीन मीटर दिसतं, पण भिंत तिरकी असली की तळाला साडेचार निघतं. पहिलीच रांग तळातून हलली नाही तर मागच्या दोघींना कितीही डिले द्या, टो राहणारच. कड्यावर बांबू आडवा धरून दोरीला वजन बांधून सोडा, दोन मिनिटांचं काम आहे, पण कडेला जाताना सेफ्टी बेल्ट लावून.

इगतपुरीचा_शेतकरी

मी खाणवाला नाही, पण खाणीपासून जवळ घर आहे म्हणून वाचत होतो. अभियंता साहेब म्हणतात ते आमच्याकडं खरंच झालंय. आमच्या शेजारच्या खाणीत ब्लास्ट मोठे व्हायला लागल्यापासून भांडी वाजतात, विहिरीच्या कडेचे दगड सुटायला लागलेत. गावातले म्हणतात माल जास्त भरतात. मला आज कळलं की माल तोच ठेवून पण वेळ चुकली तर हादरा वाढतो. याला काही मर्यादा आहे का आणि आम्ही कशी तपासायची?

खाण_अभियंता

दादा, मर्यादा आहे. डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालय) १९९७ चं परिपत्रक आहे, त्यात खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाचा वेग ठरवून दिलाय. कंपनाची फ्रिक्वेन्सी ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, आणि २५ च्या वर १५. सायस्मोग्राफ नावाचं यंत्र घराच्या पायाजवळ ठेवून मोजतात. भांडी वाजणं याच्याही खाली होतं, कारण माणसाला कंपन फार लवकर जाणवतं, आणि कधीकधी ते जमिनीतून नाही तर हवेच्या दणक्यानं असतं. पण म्हणून तुमचं म्हणणं चूक ठरत नाही. ग्रामपंचायतीमार्फत खाणीला लेखी कळवा की ब्लास्टच्या वेळी आमच्या घराशी यंत्र लावा आणि रीडिंगची प्रत द्या. चांगला मॅनेजर स्वतःहून लावतो.

एका झटक्यात दुप्पट माल फुटला तर कंपन नेहमीच्या सूत्रानं दीड ते पावणेदोनपट होतं, जमिनीप्रमाणं थोडं बदलतं. खडीवाला, तुम्ही हे वाचा, तुमच्या तिसऱ्या रांगेची टक्कर म्हणजे हेच.

खडीवाला_नाशिक

वाचलं. आमच्या बाजूच्या वस्तीतून पण कुरबुर आली होती, मामांना वाटलं नुसतेच पैसे मागायला आलेत. आता त्यांना हा धागाच वाचायला दिला, संध्याकाळी वस्तीवर जाऊन बोलणार म्हणालेत, आणि पुढच्या ब्लास्टला यंत्र भाड्यानं आणायचं ठरलंय.

दोरी सोडून मोजलं. आठपैकी तीन होलच्या समोर तळाला चार मीटरच्या वर निघालं, म्हणजे मास्तरांचा तो संशय पण खरा. ब्लास्टरकाकांशी बसून बोललो, आधी जरा नाराज होते पण कागदावर ०, २५, ५० मांडून दाखवल्यावर स्वतःच पेन घेऊन पुढचे आकडे काढत बसले. मॅनेजरनी पण होकार दिलाय. २५, मग ४२, मग ६७ असंच करतोय. माल, बर्डन, स्पेसिंग तेच. केबिनमध्ये वही पण सुरू केली.

फक्त स्टेमिंगचं सांगा, भुकटी चालू ठेवू का? आणि ब्लास्ट बघायचा कसा, डोळ्याला तर नुसता धुरळा दिसतो.

जॉ_प्लेट

मोबाइलवर स्लो मोशन लावा. २४० फ्रेमचं सेटिंग असतं, म्हणजे एक फ्रेम साधारण चार एमएसची. ट्रायपॉडवर लावून रेकॉर्डिंग सुरू करा आणि तुम्ही सगळे डेंजर झोनच्या बाहेर जा, मोबाइलपाशी कोणी थांबायचं नाही. नंतर फ्रेम फ्रेम करून बघा, रांगा ओळीनं उचलतात की तिसरी वर उसळते, आणि कुठल्या होलचं स्टेमिंग पिचकारीसारखं उडतं. पिचकारी उडाली म्हणजे तिथला गॅस दगड फोडायच्या ऐवजी आभाळात गेला.

ढिगाचे फोटो पण काढा, पण एकाच वेळेचे नाही. पोकलेन ढीग खात पुढं जाईल तसे तीन-चार वेळा, फोटोत मापाची पट्टी किंवा एखादा ठरलेला टायर ठेवून. वरचा ढीग नेहमी जाडा दिसतो, त्यावरून अंदाज चुकतो.

सुरुंग_मास्तर

भुकटी बंद करा, आणि याला पैसे पण लागत नाहीत, तुमच्याच स्क्रीनखाली १० ते १२ एमएमची कचखडी पडते ती वापरा. टोकदार खडी होलमध्ये एकमेकीत अडकून बसते, गॅसला धरून ठेवते. भुकटी उडून जाते, ओली असली तर लवकरच. पण आत्ता नाही, आधी नुसत्या डिलेचा एक ब्लास्ट बघा, वहीतले आकडे येऊ द्या, मग पुढच्याला स्टेमिंग.

वरच्या गोल धोंड्यांसाठी पोकलेननं वरचा झिजलेला थर आधीच खरवडून काढा आणि मुरूम म्हणून विकून टाका. तो क्रशरला येऊच नये, माती खडीत जाते.

आणि इगतपुरीच्या बाजूचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. होलमध्ये पाणी असलं तर अन्फो विरघळतो, अर्धवट फुटतो, पिवळा-केशरी धूर निघतो. तसा धूर दिसला तर डिलेला दोष देऊ नका. ओल्या होलला पूर्ण इमल्शन, आणि पाणी किती ते भरायच्या आधी टेपला गोटा बांधून प्रत्येक होलमध्ये बघा.

खडीवाला_नाशिक

कचखडीचा ढीग बाजूला काढून ठेवायला सांगितला. तीन होलमध्ये पाणी आहे, दीड मीटरच्या आसपास, तिथं इमल्शनची ऑर्डर वाढवली. ब्लास्ट गुरुवारी आहे, व्हिडिओ, वहीची पानं आणि यंत्राचं रीडिंग इथंच टाकतो.